पाटावर बसण्यापुरतं वजन

अंकुशनगर, १२ नोव्हेंबर

अक्का,

दरवर्षी पत्राच्या वर 'साष्टांग नमस्कार' लिहितो. या वेळी नुसता नमस्कार लिहितोय. साष्टांग घालायला आठ अंगं जमिनीला लागावी लागतात आणि माझं पोट बाकीच्यांना खाली जाऊच देत नाही. देवाच्या आणि तुझ्या बाबतीत खोटं लिहून कशाला पाप घ्या.

फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की तुला वाटतं मी भांडतोय. म्हणून पत्र. प्रीती, बाळा, हे तुझ्या आजीला मोठ्यांदा वाचून दाखव. ती 'नको' म्हणाली तरी वाच. उठून स्वयंपाकघरात गेली तर दारात उभी राहून वाच.

अक्का, पाट मी मोडला हे मला मान्य आहे. आपल्या वडलांच्या, दादांच्या हातचा पाट, त्यावर बसवून तू मला पाच वर्षांचा असल्यापासून ओवाळत आलीस. पण तो मोडल्यावर सगळे हसले. तू तर तबक हातात असताना हसलीस, निरांजन विझलं. मी एवढंच म्हणालो, "अक्का, मला खुर्ची दे, खुर्चीवर ओवाळ." त्यावर तू चारचौघांत काय म्हणालीस? "खुर्चीवर बसून ओवाळून घ्यायला तू काय पुढारी हायेस का?"

मग मी उठलो. उठलो म्हणजे माझ्या पोरानं, आदिनाथनं आणि तुझ्या जावयानं दोन्ही बगलांत हात घालून मला उठवलं. आणि तसाच, न ओवाळून घेता, भोकरदनच्या जीपमध्ये जाऊन बसलो. जीप हलली तेव्हा तू ओट्यावरून ओरडलीस, "पाटावर बसता आलं तरच ये!" ड्रायव्हरनं मला विचारलं, "बाबा, काय म्हणून राह्यल्या त्या?" मी म्हणालो, सांभाळून जा म्हणतीय.

आठवडा झाला, मला चैन नाही. डावा डोळा फडफडला की वाटतं, बहिणीनं ओवाळलं नाही म्हणून. परवा दारातली शेळी शिंकली तरी मला तेच वाटलं. तुझी भावजय दुर्गाबाई म्हणते तुम्ही येडे झालात. तुझं वय पंचाहत्तर, माझं एकोणसत्तर. अशा किती भाऊबिजा आपल्या हातात आहेत की एक वाया घालवावी?

म्हणून अंबडच्या डॉक्टरला गुडघे दाखवले. मला वाटलं ऑपरेशन सांगतो, घाम फुटला होता. तो म्हणाला, "गुडघे चांगले आहेत, काका. वरचा माल जास्त झालाय." वजन भरलं शहाण्णव किलो. तुला माहीत आहे, मी जन्मभर कारखान्यात साखरेच्या गोदामावर चौकीदार होतो. साखरेचं पोतं पन्नास किलोचं. म्हणजे मी दोन पोत्यांना चार किलो कमी. एवढा माल त्या पाटावर ठेवला तर पाटाचा काय दोष.

बारा किलो उतरवायचंय. पुढच्या भाऊबिजेला मी पाटावर बसणार आणि आपला आपण उठणार. तोवर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, तुझंच म्हणणं आहे ते.

तुझा
मच्छिंद्र


अंकुशनगर, १५ जानेवारी

अक्का, नमस्कार (नुसताच).

सोबत तीळगूळ आहे. घे आणि गोड बोल. बोलायचं नसेल तर नुसता घे.

आमची शीतल, म्हणजे सूनबाई, अंगणवाडीत आहे हे तुला ठाऊकच आहे. लेकरांचं वजन करत हिंडायचं तिचं काम. तिथं एखाद्या लेकराचं वजन अर्धा किलो वाढलं तरी ती खूश होते. घरी आली की माझं किती कमी झालं ते बघते. एकाच बाईला दोन्हीकडून आनंद.

तिनं माझ्या मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकून दिलंय. कॅलरी म्हणजे अन्नातली ताकद मोजायचं माप. ताकद पोटात गेली आणि कामात खर्च झाली नाही, की ती जागा सोडत नाही, तिथंच बसते. मी रिटायर झाल्यापासूनची सगळी बसून आहे. आता सकाळपासून जे तोंडात जाईल ते मोबाइलला सांगायचं, तो बेरीज करतो. दिवसाला पंधराशे. त्याच्या वर गेलं की बेरीज लाल होते. मला लाल रंगाची लई भीती बसलीय. कारखान्यातसुद्धा लाल दिवा लागला की काहीतरी बिघडलेलं असायचं.

पहिला महिना वजन हललंच नाही. मी सगळं बराबर सांगत होतो. सकाळी दोन भाकरी, संध्याकाळी दोन भाकरी. तरी काटा तिथंच. मला वाटलं माझ्या पोटात काही गाठबीठ असेल. तीन दिवस मी कुणाला न सांगता पोट दाबून बघत होतो. मग एक दिवस शीतल जेवायला शेजारी बसली. तिनं दुर्गाबाईची भाकरी उचलली, तिच्या छोट्या काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मामा, मोबाइलमधली भाकरी तळहाताएवढी असती. ही तर परातीएवढी हाय. ही एक म्हंजे त्याच्या तीन झाल्या."

दुर्गाबाईला राग आला. "मोबाइलमधली भाकरी कोण थापून राह्यलंय? तिला म्हणावं ये माझ्या तव्यावर. माझ्या सासूनं शिकवली तसली भाकरी हाय ही. हिला ल्हान करायची आन् शेजारणीला काय सांगायचं, घरात पीठ सरलं?"

शेवटी असं ठरलं, की भाकरी तेवढीच थापायची, पण मला अर्धी. अर्धी भाकरी ताटात बघून पहिल्या दिवशी मला रडू आलं. आपल्या आईनं मरेपर्यंत मला कधी अर्धी वाढली नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईवर ओरडलो. चौथ्या दिवशी चहातली साखर बंद झाली. अक्का, ज्यानं जन्मभर साखरेची राखण केली त्यानं बिनसाखरेचा चहा प्यावा, यापरीस मोठा विनोद देवाला तरी सुचेल का?

पण काटा हलला. दोन किलो गेले. काट्यावर उभं राहताना मी टोपी, चष्मा, घड्याळ काढून ठेवतो. शीतल म्हणते चष्म्यानं काय फरक पडतो. पडतो. माझा चष्मा जुना आहे, जड आहे.

हुरडा आला असेल तिकडं. इथंही आला. मी एक मूठ खाल्ला आणि मोबाइलला सांगितलं. त्याला हुरडा माहीत नव्हता. शीतलनं 'ज्वारी' म्हणून लिहिलं. मला ते पटलं नाही, हुरड्याला नुसतं ज्वारी म्हणणं म्हणजे नवरीला नुसतं बाई म्हणण्यासारखं.

तुझा
मच्छिंद्र


अंकुशनगर, ९ एप्रिल

अक्का, नमस्कार.

तू पत्राला उत्तर देत नाहीस. पण परवा जालन्याच्या बसनं तुझा डबा आला. डिंकाचे लाडू, चांगले मोठे, वर तूप दिसतंय. आत चिठ्ठी नाही. मी दोन दिवस विचार करतोय की याचा अर्थ काय घ्यायचा. माया आहे, की मी पाटावर बसू नये म्हणून काढलेला डाव आहे? दुर्गाबाई म्हणते, "तुमची बहीण हाय, दोन्ही असंल."

मला वाटतं तुझ्या कानावर काहीतरी आलंय. सांगतो काय झालं ते.

माझे सहा किलो उतरले. मला आनंद. पण गावात? आपल्याकडं माणूस जाड झाला की म्हणतात सुखी आहे. बारीक झाला की विचारतात कुठं दाखवलं. पाणी भरायला आलेल्या बायका दुर्गाबाईला हळूच विचारायला लागल्या. मग माणसं भेटायला यायला लागली. पहिल्यांदा काकासाहेब आला, माझ्याबरोबर गोदामावर होता तो. बिस्किटाचे दोन पुडे आणि नारळ घेऊन आला. बाजेवर बसला, माझा हात हातात घेतला आणि कुरवाळायला लागला.

मी म्हणालो, "काय झालं रे? घरी सगळं ठीक?"

तो म्हणाला, "मच्छिंद्रराव, लपवू नका. आपुन एका ताटात जेवलेली माणसं. संभाजीनगरला दाखवलं का?"

"काय दाखवायचं?"

"जे असंल ते."

"अरे, मी खाणं कमी केलंय!"

"तेच म्हणून राह्यलो. जेवण जात न्हाई म्हणल्यावर घरी बसून चालतं का? जल्दी करा."

मी त्याला मोबाइल दाखवला, बेरीज दाखवली. त्यानं मान हलवली आणि आत जाऊन दुर्गाबाईला सांगितलं, "वहिनी, त्यांच्या मनावर पण परिणाम झालाय, सांभाळा." त्यानं चहा घेतला. त्याच्यासाठी केलेल्या चहाला मलाही कप द्यावा लागला, साखरेचा, कारण पाहुण्यासमोर बिनसाखरेचा प्यालो असतो तर त्याची खात्रीच पटली असती.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी. केळी, बिस्किटं, पेढे, शहाळी. अक्का, आजारी माणसाला भेटायला येतात तसे लोक मला खायला घेऊन येतायत, मी खात नाही म्हणून. घरात बिस्किटांचं दुकान झालंय. मी सगळं अंगणवाडीला पाठवलं. या महिन्यात तिथल्या लेकरांचं वजन वाढलं म्हणून शीतलचं कौतुक झालं म्हणे.

तर तुझ्या कानावर हेच आलं असणार. मी आजारी नाही. माझा करदोडा सैल झालाय एवढंच. पाडव्याला त्याची गाठ मी एक बोट मागं घेतली. गेली दहा वर्षं ती गाठ पुढंच सरकत होती. त्या दिवशी मी दुर्गाबाईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "लगीन झालं तवा दोन पदर गुंडाळून बांधत होता तुम्ही." मी म्हणालो, त्या दोन पदरांपर्यंत नको, पाटावर बसण्यापुरतं झालं तरी लई झालं.

लाडवातला एक मी खाल्ला. अर्धाच खाणार होतो. तुझ्या हातचा होता, अर्धा मोडवेना. लाल झालं. झालं तर झालं.

तुझा
मच्छिंद्र


अंकुशनगर, २२ जून

अक्का, नमस्कार.

प्रीतीच्या अक्षरात का होईना, पत्र आलं. चार ओळींचं पत्र मी आठ वेळा वाचलं. "आजी म्हणते, वाळलास असं ऐकलं. दवाखान्यात जा, अंगावर काढू नको. पाटाचं नाव काढू नको." आणि खाली प्रीतीनं आपल्या मनानं लिहिलंय: "आजी आता भाकरी उभी राहून ओट्यावर करते. चुलीपुढं बसत नाही."

ही चांगली गोष्ट झाली. किती वर्षं सांगत होतो, चूल सोड, गॅस घे, धुरानं डोळे जातील. उशिरा का होईना, शहाणी झालीस. छान.

पाटाचं नाव काढू नको म्हणतेस. का? तू तो फेकून दिलास का? मोडलेला पाट चुलीत घातलास का? दादांनी सागाच्या एका फळीतून केलेला होता तो. अक्का, खरं सांग. माझ्या जिवाला घोर लागलाय. तुझा राग अजून तेवढाच असेल तर तसं लिही, पण पाट जाळला असशील तर मला सांगू नको.

इकडं पाऊस बरा आहे, ऊस चांगला आहे. मी पहाटे कारखान्याच्या रस्त्यानं चालून येतो. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन दम लागायचा, आता मारुतीच्या देवळापर्यंत जातो. देवळातल्या पायरीवर मी टेकत नाही, उगाच उठायची पंचाईत नको म्हणून उभ्यानंच हात जोडतो. परवा मात्र बसलो. आणि उठलो. आजूबाजूला कुणी नव्हतं, बघणारं एक कुत्रं होतं. मी त्याला म्हणालो, बघितलंस का?

आता श्रावण येईल. मी ठरवलंय की यंदा उपवास वाढवायचे. नेहमीचे सोमवार आहेतच, शनिवार धरणार, चतुर्थी, एकादशी, सगळ्या. देवाचंही होईल आणि वजनाचंही होईल. श्रावण संपेपर्यंत मी पाटावर बसणारच.

तुझा
मच्छिंद्र


अंकुशनगर, १८ ऑगस्ट

अक्का, नमस्कार.

मी येणार नाही.

सगळं वाया गेलं. नऊ किलो उतरले होते, त्यातले अडीच परत आले. एवढे उपवास करूनसुद्धा! उपवास धरल्यापासून काटा वर वर चाललाय. देवसुद्धा माझ्या बाजूनं नाही असं दिसतंय. मोबाइलमध्ये सगळे दिवस हिरवे आहेत, एकही लाल नाही. मग हे वजन येतं कुठून? हवेतून?

आता मला खरंच वाटायला लागलंय की काकासाहेब म्हणतो तसं काहीतरी आहे. अंगाला सूज असेल. काल पायावर बोट दाबून बघितलं, खड्डा पडतो का. पडला नाही. पण आज पडेल.

माझं वय झालं, अक्का. या वयात पाटावर बसायचे हट्ट करू नयेत. तुझं खरं आहे, पाटाचं नाव काढू नये. भाऊबिजेला आदिनाथला पाठवीन, त्याला ओवाळ. तो बसतो पाटावर.

१९ ऑगस्ट

पत्र टाकायचं राहिलं होतं, देवाची कृपा. वरचं सगळं रद्द. प्रीती, वरचं वाचलं असशील तर आजीला सांग ते रद्द.

झालं असं, काल संध्याकाळी शीतल माझा मोबाइल घेऊन बसली. बोटानं वर खाली करत होती. मग म्हणाली,

"मामा, सोमवारी इथं शून्य का हाय?"

"उपास होता."

"दिवसभर कायच खाल्लं न्हाई?"

"न्हाई. उपास म्हणल्यावर खाईन कसा?"

आतून दुर्गाबाईचा आवाज आला, "आन् मंग दोन बश्या खिचडी कुणी खाल्ली?"

"ती उपासाची खिचडी!"

"दाण्याचे लाडू?"

"उपासाचेच."

"भगर? वर दाण्याची आमटी? केळी? रताळ्याच्या तुपातल्या फोडी?"

"सगळं उपासाचं! त्यात धान्याचा एक कण न्हाई," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. जन्मात मी उपवास मोडलेला नाही.

शीतलनं मोबाइल बाजूला ठेवला. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतीय. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग म्हणाली, "मामा, देवाला चालतं म्हणून मोबाइलला चालत न्हाई. एवढ्या साबुदाण्यात तुमच्या पंधराशेतले अर्धे गेले. वर दाणे, तूप. उपासाच्या दिवशी तुम्ही इतर दिवसाच्या दुप्पट खाऊन राह्यले."

अक्का, मी सुन्न झालो. एकोणसत्तर वर्षं उपवास करतोय, उपवासाच्या दिवशी मी काही खातो असं मला कधी वाटलंच नाही. तुला तरी वाटलं का? आपल्या आईनं एकादशीला कधी म्हटलं का की मी आज जेवले? ती म्हणायची, "आज माझ्या पोटात काय न्हाई," आणि समोर ही एवढी खिचडी.

मग मला दुसरी काळजी लागली, उपवासाचं मोजलं तर उपवास मोडतो की काय? देवाला हिशेब दाखवल्यासारखं नको. शीतल म्हणाली, मोजल्यानं मोडत नाही, खाल्ल्यानं मोडतो. दुर्गाबाई म्हणाली, "मंग ह्यांचा एकबी झालेला न्हाई." दोघी परत हसल्या. मीपण हसलो. आता काय करणार.

आजपासून उपवासाला एक केळं आणि ताक. देवाला आणि मोबाइलला दोघांना चालेल असं.

मी येणार आहे.

मच्छिंद्र


अंकुशनगर, १२ ऑक्टोबर

अक्का, नमस्कार. पण हा शेवटचा नुसता नमस्कार आहे असं मला वाटतंय.

नवरात्र पार पडलं. नऊ दिवस उपवास आणि नऊही दिवस मोजले. दसऱ्याला काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याऐंशी. बारा किलो बराबर. शीतलनं टाळ्या वाजवल्या. दुर्गाबाईनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, दृष्ट लागू नये म्हणून. करदोडा कमरेवरून घसरून खाली येतो, नवा घेतलाय.

पण काटा म्हणजे पाट नाही. म्हणून घरी तालीम घेतली. आमच्या घरी पाट लहान, दुर्गाबाईचा रांगोळी काढायचा. तो मांडला. मागं उशी ठेवली, पडलो तर असावी म्हणून. दुर्गाबाई उजवीकडं, आदिनाथ डावीकडं, जसं काही मी विहिरीत उतरतोय. मी म्हणालो, "सरका बाजूला. हवा येऊ द्या."

बसलो. मांडी घातली. मांडी बसली, अक्का! दहा वर्षांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच वेळी जमीन बघितली. पाट कुरकुरला नाही. पाच मिनिटं बसलो. मग उठायची वेळ आली आणि मला घाम फुटला. एक हात जमिनीवर टेकला, एक गुडघ्यावर ठेवला आणि उठलो. दुर्गाबाई म्हणाली, "जमलं की!" आणि लगेच आत निघून गेली. डोळे पुसायला गेली असेल, पण ती म्हणते दूध उतू चाललं होतं.

आता बाकीच्या काळज्या. पहिली, बस मिळेल का? भाऊबिजेला गर्दी असते, उभ्यानं यावं लागलं तर पाय सुजतील आणि मग मांडी बसणार नाही. म्हणून मी आदल्या दिवशीच जालन्याला पुतण्याकडं मुक्काम करतो. दुसरी, तुझ्याकडं पाट आहे का? नसेल तर आमचा घेऊन येतो, पिशवीत बसतो. तिसरी, तू ओवाळशील का? याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

पाटावर बसता आलं तरच ये म्हणाली होतीस. मी येतोय.

तुझा
मच्छिंद्र


अंकुशनगर, २५ ऑक्टोबर

अक्का, साष्टांग नमस्कार. या वेळी खरा.

पोचलो. दादांनी लावलेलं वळण आहे, घरी पोचल्यावर पोचल्याचं कळवायचं. आणि तुझ्याकडं एवढी माणसं होती की मला जे बोलायचं होतं ते तुझ्या कानात ओरडून बोलणं बरं दिसलं नसतं. म्हणून लिहितो.

दारातून आत आलो तर पाट मांडलेला. दादांचाच. मी खाली वाकून बघितलं (बघ, वाकलो), खालून लोखंडी पट्टी मारलेली. प्रीतीनं मला हळूच सांगितलं की मी रुसून गेलो त्याच आठवड्यात तू सुताराला बोलावून तो सांधून घेतलास, आणि वर्षभर धान्याच्या कोठीमागं झाकून ठेवलास. आणि मला लिहितेस पाटाचं नाव काढू नको!

मी बसलो तेव्हा सगळे वाकून बघत होते. तुझा जावई तर पुढं येऊन उभा राहिला होता, मला झेलायला. पाट हूं की चूं नाही. मी मांडी घातली, टोपी नीट केली, डोळे मिटले आणि कुंकू लागायची वाट बघत बसलो.

कुंकू लागेना.

डोळे उघडले तर तू तबक घेऊन उभी, अर्धवट वाकलेली, ना खाली ना वर. माझं कपाळ खाली, तुझा हात वर, मधे हातभर जागा.

"अक्का, ये की खाली."

"येतीय न्हवं!"

आली नाहीस. तुझ्या कपाळावर घाम आला होता. मग तू म्हणालीस, माझ्याकडं न बघता, "गुडघे, मच्छिंदरा. दोन वर्सं झाली दुखून राह्यले, आता तर वाकनात."

तेव्हा मला ओट्यावरच्या भाकरी समजल्या. प्रीतीनं लिहिलं होतं, आजी चुलीपुढं बसत नाही, आणि मी लिहून पाठवलं होतं 'छान'. अक्का, ते पत्र प्रीतीनं तुला वाचून दाखवलं तेव्हा तू काय म्हणालीस? नको, मला सांगू नको. आणि हेही तेव्हाच समजलं, की गेल्या वर्षी मी खुर्चीवर बसलो असतो तर तुझ्या गुडघ्यांचीच सोय झाली असती. तरी तू मला खुर्ची दिली नाहीस. तुझ्यासारखी तूच.

तुझे डोळे भरायला लागले होते. म्हणून मी मोठ्यांदा म्हणालो, "प्रीती, आजीला खुर्ची आण."

"खुर्चीवर बसून कुणी ओवाळीत असतं का?" तू म्हणालीस.

आणि मग अक्का, जे बोलायला मिळावं म्हणून मी वर्षभर अर्धी भाकरी खाल्ली होती ते देवानं माझ्या तोंडात आणून ठेवलं. "का? खुर्चीवर बसून ओवाळायला तू काय पुढारी हायेस का?"

तू आधी माझ्याकडं बघितलंस. मग जी हसलीस! निरांजन याही वर्षी विझलं. प्रीतीनं परत लावलं, तू परत हसलीस, परत विझलं. शेवटी खुर्चीवर बसून ओवाळलंस तेव्हा तुझा हात हसण्यानं एवढा हलत होता की कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागलं. मी पुसलं नाही. तसाच बसमध्ये बसलो. भोकरदनपासून जालन्यापर्यंत लोक माझ्या नाकाकडं बघत होते.

साष्टांग घातला तो तू बघितलासच. आठही अंगं लागली, मी मोजली. मला मोजायची सवय लागलीय. आणि उठलो तेव्हा कुणाचा हात धरला नाही. तू म्हणालीस, "उठला गं बाई!" जसं काही मी पहिल्यांदाच चालायला लागलोय.

आता तुझ्या गुडघ्यांचं. तुझ्यात वरचा माल नाही, तू तर पोत्याला भरायला दहा किलो कमी. तुझं काहीतरी वेगळं असेल. पुढच्या आठवड्यात प्रीतीला घेऊन अंबडला ये. डॉक्टर चांगला आहे, ओरडत नाही आणि ऑपरेशन लगेच सांगत नाही. मी स्टँडवर उभा राहतो. गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत उभा राहतो.

घरी आल्यावर शीतलनं मोबाइल पुढं केला. "मामा, भाऊबिजेचं काय काय खाल्लं ते सांगा." मी तोंड उघडलं. करंज्या, तुझ्या हातची पुरणपोळी, वर तू वाटीनं ओतलेलं तूप, सगळं डोळ्यापुढं आलं. मग मी म्हणालो, "ते ओवाळणीचं खाल्लं. ओवाळणीचं धरायचं असतं का?" दुर्गाबाई आतून म्हणाली, "धरायचं असतं! सगळं धरायचं असतं!" मी सगळं सांगितलं. मोबाइल असा लाल झाला की विचारू नको. पहिल्यांदाच मला त्या लाल रंगाची भीती वाटली नाही, कुंकवासारखा दिसत होता.

एक काळजी मात्र राहिली. तू बसली होतीस त्या प्लास्टिकच्या खुर्चीचा मागचा डावा पाय मला बसल्या जागेवरून दिसत होता. तो हलत होता, मुळाशी बारीक तडा आहे. आजच्या आज कुणाला तरी दाखव, नाहीतर तुझ्यासाठी इथून लाकडी खुर्ची घेऊन येतो, पट्टी मारलेली. कारण पुढच्या वर्षी मी खाली पाटावर बसलेला असताना वर तुझी खुर्ची मोडली, तर अक्का, तुझ्या गळ्याशप्पथ सांगतो, मी हसल्याशिवाय राहणार नाही. आणि मग तू रुसून जायचं म्हटलंस तर जाणार कुठं? घर तर तुझंच आहे.

तुझा
मच्छिंद्र

प्रीती, शेवटचं हे वाक्य आजीला वाचून दाखवू नको: करंज्या मी दोन सांगितल्या, खाल्ल्या होत्या चार.